उजेडाकडे धरलेली पोळी

माझे सासरे पानात वाढलेली पोळीसुद्धा आधी उजेडाकडे धरून बघायचे. दोन बोटांत तिची कड धरायची, ट्यूबलाइटच्या दिशेनं ती उंच करायची, एक डोळा बारीक करायचा आणि कुठे पातळ जागा किंवा भोक दिसलं की निकाल द्यायचा, ‘रिजेक्ट.’ मग ती पोळी ताटाबाहेर. माझ्या सासूबाई, म्हणजे माई, दुसरी वाढायच्या आणि नाकारलेल्या पोळ्या शेवटी स्वतः खायच्या. लग्नानंतर मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, काहीतरी गंमत चालली आहे. मी हसलो. टेबलावर दुसरं कुणी हसलं नाही.

नाना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते गेले तेव्हा त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये श्रद्धांजलीची सभा झाली. कुणी म्हणालं स्पष्टवक्ते, कुणी म्हणालं शिस्तीचे. एका गृहस्थांनी डोळे पुसत सांगितलं की नाना वरून कडक, पण आतून फार मऊ होते. तेव्हा मी चहाचं बघतो असं पुटपुटत बाहेर पडलो. नानांच्या आतलं मी पाहिलेलं आहे. डॉक्टरांनी ते पडद्यावर दाखवलं होतं. मऊ होतं खरं, पण तो मेंदू होता.

मला ते आवडत नसत. हे लिहिताना हात अडखळतो, कारण त्यांची एकुलती एक मुलगी मीनल, माझी बायको, हे वाचणार आहे. पण त्या सभेत मी गप्प बसलो आणि माझं गप्प बसणं सगळ्यांनी दुःख म्हणून धरलं, याची मला अजून लाज वाटते. म्हणून जसे होते तसे लिहितो.

भोसरीच्या एका कारखान्यात ते इन्स्पेक्शन खात्यात होते. मशीनवरून उतरलेला प्रत्येक भाग मोजायचा आणि चालेल की नाही ते ठरवायचं, हे त्यांचं काम. नोकरीत हे काम करणारी कितीतरी भली माणसं मी पाहिली आहेत, जी संध्याकाळी घरी येताना ते काम तिथेच ठेवून येतात. नानांनी ते घरी आणलं. शर्टाच्या खिशात कायम जाडी मोजायचा व्हर्नियर. दिवाळीत आमच्या घरून गेलेल्या चकल्यांची जाडी त्यांनी माझ्या आईसमोर मोजली होती. मोजून झाल्यावर म्हणाले, ‘एकसारख्या नाहीत.’ माझी आई अकोल्याहून रात्रभर प्रवास करून आली होती. ती म्हणाली, ‘हातानं केल्या ना जी.’ नाना म्हणाले, ‘तेच म्हणतोय.’

मला बघायला ते माझ्या भाड्याच्या फ्लॅटवर आले, तोही प्रसंग असाच. मी तेव्हा एका सॉफ्टवेअर कंपनीत नुकता लागलो होतो. त्यांनी खिशातून बेअरिंगचा एक छर्रा काढून हॉलच्या फरशीवर ठेवला. छर्रा हळूहळू निघाला आणि मोरीकडे न जाता थेट समोरच्या भिंतीपाशी जाऊन थांबला. ‘उतार उलटा आहे,’ ते म्हणाले. मी म्हणालो, ‘फ्लॅट माझा नाही, नाना. मी भाड्यानं राहून राहिलो.’ त्यांनी माझ्याकडे त्याच डोळ्यानं पाहिलं, ज्यानं छर्र्याकडे पाहिलं होतं. ‘राहून राहिलो,’ त्यांनी माझ्या वऱ्हाडीचं एकेक अक्षर सुटं करत म्हटलं. मग मीनलकडे वळून, मी तिथे नसल्यासारखं, ‘मटेरियल बरं आहे. फिनिशिंग नाही.’

मीनल हट्टाला पेटली म्हणून लग्न झालं. कारखान्यात एखादा भाग मापात बसत नसला, पण अडलेलं काम पुढे न्यायचं असलं, की साहेब सही करून तो तसाच पुढे सोडतात. त्याला ते ‘डेव्हिएशनवर पास’ म्हणत. लग्नाच्या मांडवात त्यांनी आपल्या कारखान्यातल्या मित्रांना माझी ओळख करून दिली, ‘हे आमचे जावई. मुलीच्या आग्रहाखातर डेव्हिएशनवर पास केलेत.’ मित्र खो खो हसले. तेव्हापासून त्यांच्या घरात माझं नाव ‘आमचं डेव्हिएशन’ असं पडलं. ‘मीनल, तुझं डेव्हिएशन आलं का गं?’ मी हसून घेत असे. माझ्या हसण्याचा मला त्यांच्या बोलण्यापेक्षा जास्त राग येई.

मग कारखान्याचे दिवस फिरले. बाहेरच्या कंपन्या आल्या, भाग बाहेरून तयार होऊन प्रमाणपत्रासकट येऊ लागले, आणि ते पुन्हा मोजण्यात कुणाला रस उरला नाही. नानांना स्वेच्छानिवृत्ती घ्यावी लागली. ‘स्वेच्छा कुणाची ते विचारू नका,’ असं ते म्हणत. मला त्यांच्याविषयी वाईट वाटायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात माझी बढती झाली होती, आणि पेढा तोंडात टाकताना ते म्हणाले, ‘खुराड्यात वरची फळी मिळाली वाटतं.’ वाईट वाटायचं राहून गेलं.

नाकारायला काही उरलं नाही म्हणून ते योगाकडे वळले. त्या दिवसांत टीव्हीवर पहाटे श्वास सोडणाऱ्यांची लाट आली होती आणि कोथरूडमध्ये गल्लोगल्ली त्यांच्यासारखी, वेळेआधी मोकळी झालेली माणसं होती. नानांनी सोसायटीमागच्या रस्त्यापलीकडे, बागेत कपालभातीचा वर्ग काढला. स्वतः पुढे मांडी घालून बसायचे आणि नाकातून असा झटका मारायचे की झाडावरच्या चिमण्या उडत. पोट मात्र होतं तेवढंच राहिलं, कारण वर्गानंतर साबुदाण्याची खिचडी आणि वर जिलबी हा नेम होता. वर्गातही तपासणी होतीच. ‘जोशी, हा श्वास आहे की उसासा? रिजेक्ट. पुन्हा.’ गंमत म्हणजे लोकांना हे आवडे. घरी ज्यांना कुणी विचारत नव्हतं, त्यांना रोज सकाळी कुणीतरी नाकारत होतं. नाकारायला तरी आधी बघावं लागतं.

अशातच त्यांच्या नाकातून पाणी यायला लागलं. ओणवं झालं की डाव्या नाकपुडीतून टप टप. सर्दीसारखं चिकट नाही, नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ. घशाशी उतरलं की खारट लागायचं. दुसरा कुणीही डॉक्टरकडे गेला असता. नानांनी तो थेंब तळहातावर घेतला, उजेडाकडे धरला आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच एखादी गोष्ट पास केली. ‘बघा,’ त्यांनी वर्गाला सांगितलं, ‘गढूळपणा नावाला नाही. ही आतली शुद्धी. कपालभातीनं डोकं धुऊन निघतंय.’ वर्गातल्या बाया-पुरुषांनी वाकून ते पाणी पाहिलं. काहींनी हात जोडले. नंतर काही जण ‘आमची अजून होत नाही हो शुद्धी,’ अशी तक्रार करायचे आणि नाना त्यांना चिकाटीचा उपदेश करायचे. मी एकदा म्हणालो, ‘नाना, एकदा दाखवून या.’ ते म्हणाले, ‘जावईबापू, तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस झाला की तुम्ही बघा. आमचं यंत्र आम्हाला कळतं.’

दोन वर्षं ते पाणी वाहत राहिलं. मग एका सकाळी त्यांना सणकून ताप भरला, मान लाकडासारखी ताठली आणि ते असंबद्ध बोलू लागले. आम्ही त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं. मेंदूच्या आवरणाला सूज होती. तपासणाऱ्या डॉक्टरबाई नाक-कान-घशाच्या सर्जन होत्या, चाळिशीच्या, बोलायला तुटक. त्यांनी माईंना विचारलं, ‘वाकल्यावर नाकातून पाणी येतं का हो यांच्या?’

एवढ्या काळजीतही माईंचा चेहरा उजळला. ‘येतं ना. दोन वर्षं येतंय. शुद्धी झालीये त्यांची.’

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ‘कशाची?’

‘मेंदूची,’ माई म्हणाल्या.

‘मेंदूचंच आहे ते पाणी,’ डॉक्टर म्हणाल्या.

मेंदू पाण्यात तरंगत असतो हे मला त्या दिवशी कळलं. मेंदू आणि नाक यांच्यामध्ये अंड्याच्या कवचासारखं पातळ हाड असतं. नानांच्या त्या हाडाला भोक पडलं होतं, तिथून पाणी खाली गळत होतं आणि त्याच वाटेनं जंतू वर गेले होते. ताप उतरल्यावर, माणसं ओळखायला लागल्यावर, नानांनी पहिली गोष्ट काय केली असेल, तर डॉक्टरांची उलटतपासणी.

‘भोक केवढं आहे?’

‘ज्वारीच्या दाण्याहून लहान.’

‘बुजवणार कशानं?’

‘तुमच्याच मांडीतलं पातळ आवरण काढून. नाकातून दुर्बिणीनं.’

‘म्हणजे ठिगळ.’

‘हो, ठिगळ.’

‘आणि गळती थांबली की नाही, टेस्ट कशी करणार?’

‘तुम्ही घरी जाऊन शिंकाल ना,’ डॉक्टर म्हणाल्या, ‘तेव्हा होईल टेस्ट.’

मला फार बरं वाटलं. त्यांच्या तोडीचं कुणी मी प्रथमच पाहत होतो. पण नाना थांबले नाहीत. ‘मी पडलो नाही, कुणी मारलं नाही. मग भोक पडलंच कसं?’

‘आपोआप पडतं काहींना. तुमच्या डोक्यातल्या पाण्याचा दाब बरीच वर्षं जास्त असणार. वजनाचाही त्यात हात असतो. त्या दाबानं हाड झिजत गेलं. कपालभातीनंच पाडलं असं मी म्हणणार नाही, पण वाहतं ठेवायला मदत नक्की केली.’

नानांनी क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाले, ‘म्हणजे हे भोक हा माझा सेफ्टी व्हॉल्व्ह होता. आणि तुम्ही तो बंद करणार.’

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. ‘अगदी बरोबर. भोक बुजेल, दाब तसाच राहील. म्हणून नंतर दाबाच्या गोळ्या, वजन कमी करायचं, आणि महिन्याच्या आत डोळ्यांची तपासणी. दाब वाढला तर डोळ्यांच्या नसा सुजतात. डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारून आलं, तर लगेच यायचं. वाट बघायची नाही.’

इतकं स्वच्छ त्यांना कळलं होतं. आम्हा सगळ्यांच्या आधी कळलं होतं. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्यावं.

ऑपरेशन चांगलं झालं. नाना घरी आले आणि त्यांच्या देखरेखीचं काम माझ्याकडे आलं. माझं ऑफिस परदेशातल्या घड्याळावर चालायचं, सकाळ-दुपार मी मोकळा असे. मीनल शिकवायची ती शाळा सकाळची. माईंना ते जुमानत नसत. म्हणून मी, आणि तेवढ्यासाठी आम्ही दोघं त्यांच्याकडेच राहायला गेलो.

नियम असे होते. उशाकडून पलंग उंच. वाकायचं नाही, उचलायचं नाही, नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची, म्हणजे जोर नाकात जात नाही. शौचाला कुंथायचं नाही, त्यासाठी रोज इसबगोल. कपालभाती कायमची बंद. यातला प्रत्येक नियम म्हणजे नानांच्या लेखी अपमान होता, आणि प्रत्येक नियम त्यांना ऐकवताना मला जे सुख झालं ते मी इथे कबूल करतो. त्यांच्या चपलेपर्यंत त्यांचा हात जाऊ देत नसे मी. ‘नाना, वाकू नका,’ हे वाक्य मी एरवी लागलं असतं त्याच्या दुप्पट वेळा म्हणालो असेन.

मिरचीच्या फोडणीनं शिंक येईल म्हणून घरात फोडणी बंद झाली. मग नानांनी शेजारच्या फ्लॅटमध्येही निरोप पाठवला की आमच्या जेवणाच्या वेळेपर्यंत तुम्हीही मिरची तळू नये. शेजारीण दारात येऊन म्हणाली, ‘नाना, नाक तुमचं, कढई आमची.’ त्या दुपारी नानांना शिंक आली. तोंड उघडं टाकून, जबडा लोंबवून, एखाद्या म्हाताऱ्या रेड्यासारखा आवाज काढत ते शिंकले. त्यांनी लगेच बोटानं नाकाखाली चाचपून पाहिलं. कोरडं. ‘टेस्ट ओके,’ ते म्हणाले, आणि कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघितलं. मी पाहिलं होतं. मी संध्याकाळी ऑफिसात त्या शिंकेची नक्कल करून दाखवली.

संडासाच्या दाराबाहेर मी उभा राहायचो. ‘नाना, जोर करू नका.’

आतून आवाज यायचा, ‘जावईबापू, उभा जन्म इन्स्पेक्शन केलं, पण या कामावर कधी माणूस नेमला नव्हता.’

‘डॉक्टरांनी सांगितलंय.’

‘त्यांनी तुम्हाला श्वास रोखून उभं राहायला सांगितलं नसेल. जा जरा लांब.’

वर्गातली मंडळी भेटायला येत. त्यांना नानांनी सांगितलं होतं की नाकाचं हाड वाढलं होतं, ते काढलं. मी समोर बसलेला असताना सांगितलं. एकानं भाबडेपणानं विचारलं, ‘मग नाना, शुद्धी थांबली का हो आता?’

‘थांबली नाही,’ नाना म्हणाले, ‘पूर्ण झाली.’

मला ते त्या दिवसाइतके क्षुद्र कधी वाटले नाहीत. मेंदूपर्यंत जंतू गेले, मरता मरता वाचले, आणि हा माणूस आपली पहिली पास केलेली गोष्ट नापास झाली, एवढं कबूल करायला तयार नव्हता. त्याच बागेत तीच माणसं रोज सकाळी त्याच्या नावानं नाकातून झटके मारत होती.

गोळ्यांनी बोटांना मुंग्या यायच्या, तोंडाची चव जायची, लघवीला सारखं उठावं लागायचं. त्यांची कुरकुर सुरू झाली, मग एके दिवशी थांबली. मला वाटलं, सवय झाली. खरं तर त्यांनी गोळ्याच थांबवल्या होत्या. डोळ्यांच्या तपासणीची वेळ आली तेव्हा म्हणाले, ‘नाकाचं दुखणं, डोळे कशाला दाखवू? बघू पुढच्या आठवड्यात.’ मी वाद घालू शकलो असतो. पण त्या आठवड्यात आमच्याकडे मोठं काम अंगावर आलं होतं आणि मी वादाला कंटाळलो होतो. ‘बरं, पुढच्या आठवड्यात,’ मी म्हणालो.

आणि त्याच सुमाराला नाना बदलले.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग माईंनी एकदा स्वयंपाकघरात मला हळूच सांगितलं, ‘श्रीकांतराव, आज तिन्ही पोळ्या खाल्ल्या हो. एकही परत केली नाही.’ पोळी ते अजूनही उजेडाकडे धरायचे. पण क्षणभरच, आणि म्हणायचे, ‘छान आहे.’ भाजी छान. आमटी छान. माईंची एक पोळी पार करपली होती, तीसुद्धा छान. मीनलनं घेतलेला नवा पंजाबी ड्रेस त्यांना आवडला. मला ते ‘श्रीकांतराव’ म्हणू लागले. डेव्हिएशन गेलं. बोलणं कमी झालं, बसणं वाढलं. खुर्चीत शांत बसून समोर कुठेतरी बघत असायचे.

आमच्या घरात सण असल्यासारखं झालं. माई काम करताना गुणगुणायच्या, हे मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी न सांगता पुरणपोळ्या केल्या. ‘एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठला की माणूस निवळतो,’ त्या म्हणाल्या. मीनल म्हणाली, ‘बाबांना शेवटी आपली किंमत कळली.’ आणि मी, जो इतकी वर्षं त्यांचा मनात पाणउतारा करत आलो होतो, तो मी मोठ्या मनानं त्यांना माफ करायला निघालो होतो. सकाळी त्यांच्याशेजारी बसून चहा प्यायचो. माझ्या बोलण्यातल्या अकोल्याच्या लकबींवरही ते काही म्हणत नसत. मला वाटायचं, हे खरे नाना. ऑपरेशननं हे बाहेर काढले.

त्या वर्षांत दर गुरुवारी दुपारी लाइट जायचे. त्या गुरुवारी मीनलला सुट्टी होती, आम्ही चौघं जेवायला बसलो होतो. जेवणाची जागा घराच्या आतल्या बाजूला, खिडकी लांब, म्हणून दिवसाही तिथे ट्यूब लागायची. माईंनी पोळी वाढली आणि तेवढ्यात ट्यूब गेली. पंखा आवाज करत मंदावला. मी ‘गेले’ म्हणणार होतो, तोवर नानांनी पोळी उचलली. दोन बोटांत कड धरली. विझलेल्या ट्यूबकडे ती उंच केली. एक डोळा बारीक केला.

‘छान आहे,’ ते म्हणाले.

मीनलनं माझ्याकडे पाहिलं. मग ती म्हणाली, ‘बाबा, लाइट गेलेत.’

‘माहीत आहे मला,’ नाना म्हणाले. पोळी अजून वरच होती. ती त्यांनी सावकाश खाली आणली, ताटाच्या जराशी बाहेर ठेवली, आणि मग अगदी हळू आवाजात विचारलं, ‘कधी गेले?’

त्या दुपारी आम्ही त्यांना रिक्षात घालून नेलं. तेव्हा एकेक बाहेर आलं. डोकं कितीतरी दिवस ठणकत होतं. उठलं की डोळ्यांपुढे पडदा यायचा, आधी जायचा, मग जाईनासा झाला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत बघितलं, दोन्ही नसा सुजल्या होत्या. ठिगळ जागच्या जागी घट्ट होतं, इतकं घट्ट की दाबाला जायला वाट नव्हती. कमरेच्या मणक्यात सुई घालून जास्तीचं पाणी काढलं, आणि मग पुन्हा ऑपरेशन करून आतून एक बारीक नळी बसवली, जास्तीचं पाणी पोटात उतरवणारी. समोरची नजर वाचली. कडेची गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाल्या, आता ते पाइपमधून बघितल्यासारखं बघतील.

नाकाच्या डॉक्टरबाई त्यांच्यावर फार चिडल्या होत्या. ‘तुम्हाला मी सगळं सांगितलं होतं. त्या भोकाला सेफ्टी व्हॉल्व्ह तुम्हीच म्हणालात. मग गोळ्या का बंद केल्या? अंधारून येत होतं तर बोलला का नाहीत?’

नाना पलंगावर डोळ्यांना पट्टी लावल्यासारखे ताठ बसले होते. ‘वर्ग सुरू करायचा होता,’ ते म्हणाले. ‘आंधळ्याच्या वर्गाला कोण येतं?’ मग म्हणाले, ‘तुमचा जोड पास आहे, डॉक्टर. पेशंट रिजेक्ट.’

घरी आल्यावर पहिल्या जेवणाला त्यांनी पोळी उचलली, नाकासमोर धरली, मान वळवून वळवून तिचा कोपरा न् कोपरा पाहिला आणि ताटाबाहेर टाकली. ‘ही लाटलीये की बुकललीये?’ मीनल हसली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही हायसं वाटलं, तेव्हा वाटलं. माई स्वयंपाकघरात गेल्या, त्या आल्याच नाहीत. मी आत गेलो तर त्या ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

‘काय झालं, माई?’

‘काही नाही,’ त्या म्हणाल्या. ‘म्हणजे मधे छान छान म्हणत होते, तेव्हा त्यांना दिसतच नव्हतं.’

मी नानांना एरवी काहीही माफ करेन, पण ओट्याशी उभी असलेली ती बाई माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आणि त्या दिवसांत आम्हीही किती सुखात होतो, हेही जात नाही. एक माणूस आमच्यासमोर बसून आंधळा होत होता आणि आम्ही त्याला निवळणं म्हणत होतो.

काही महिन्यांनी त्यांनी वर्ग पुन्हा सुरू केला. स्वतः खुर्चीवर बसायचे, झटका मारायचे नाहीत, फक्त तपासायचे. रस्ता ओलांडताना बाजूनं येणारी स्कूटर दिसत नसे, म्हणून सकाळी न्यायला वर्गातलं कुणी यायचं आणि आणायला मी जायचो. वर्षभरानं झोपेतच त्यांचं हृदय थांबलं. त्यांचं जे शेवटचं चित्र मी जवळ ठेवलं आहे, ते मात्र त्या बागेतलं आहे.

त्या दिवशी मी लवकर पोचलो. त्यांच्या उजव्या हाताला, दोन पावलांवर येऊन उभा राहिलो. त्यांना दिसण्याचा प्रश्न नव्हता, आणि मी हाक मारली नाही. बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई त्यांच्याकडे आनंदानं धावत आल्या. ‘नाना, माझीपण सुरू झाली हो शुद्धी! वाकलं की टपटप.’

‘समोर या,’ नाना म्हणाले. ‘कडेचं मला दिसत नाही. कधीपासून?’

‘झाला असेल आठवडा.’

‘घशाशी खारट लागतं?’

‘लागतं ना!’ बाईंना धन्य वाटत होतं.

‘तुमचा वर्ग बंद. आत्ता इथून नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे जायचं. त्यांना सांगायचं, हे मेंदूचं पाणी आहे का बघा.’

‘अहो, पण तुम्हीच तर सांगितलं होतं...’

‘सांगितलं होतं. मी गाढव होतो. तुम्ही गाढवाचं ऐकलंत, म्हणजे तुम्ही कोण ते घरी जाऊन ठरवा.’

मागून कुणीतरी चाचरत म्हणालं, ‘पण नाना, तुमचं तर हाड वाढलं होतं ना?’

‘हाड वाढलं नव्हतं. अक्कल कमी होती. बंद करा ती कपालभाती सगळेच, साधे हात वर-खाली करा.’ मग त्यांनी मान पुढे काढून, पाइपमधून बघितल्यासारखं, एकेकाकडे पाहिलं. ‘आणि हे माझ्या घरी कुणी बोलायचं नाही. तिथे आमचं डेव्हिएशन टपून बसलंय.’

लोक हसले. काहींनी माझ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर दुसरीकडे नेली.

बाईंना बहुधा साधी सर्दीच असावी. मला नानांच्या शेजारी आणखी एक क्षण उभं राहवेना. मी गवतावरून, आवाज न करता, फाटकापर्यंत मागे गेलो. तिथून फरशीच्या वाटेनं, चपला वाजवत, सरळ त्यांच्या समोरून आत आलो.

‘उशीर केलात,’ नाना म्हणाले.